सव्वीस पाइन आणि एक ‘करिता’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक महोदय. मंचावर उपस्थित प्रमुख अभियंता साहेब. मुख्य परिचारिका ताई. सेवापुस्तिका ज्यांना उद्यान पर्यवेक्षक म्हणते आणि बाकी सगळं आवार ज्यांना मामा म्हणतं, ते आजचे सत्कारमूर्ती. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी. आणि धुलाईघरापासून क्ष-किरण विभागापर्यंत हातातलं काम टाकून आलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळ माझ्याकडे तोंड करून ठेवलंय, तेही मी पाहिलंय. तरी दोन मिनिटं जास्त घेईन, आधीच सांगून ठेवते.

मामांबद्दल बोलायचं म्हणजे पाइनबद्दल बोलावं लागतं. फाटकापासून वॉर्डांपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेरा-तेरा झाडं आहेत. रुग्ण येतो तो त्यांच्यामधून आणि बरा होऊन जातो तोही त्यांच्यामधून. ही सव्वीसच्या सव्वीस झाडं तोडायचा अर्ज येत्या सोमवारी माझ्या टेबलावर येणार आहे. कारणाच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द टाइप केलाय, ‘वाळलेले’. मामा आज निवृत्त होताहेत आणि त्यांचा कार्यभार माझ्याकडे येतोय, म्हणून सही माझी लागणार. निरोपाच्या भाषणात हा विषय काढावा का? काढू नये. पण अध्यक्ष महोदय, अभियंता साहेब आणि मी, तिघं हातात चहाचा कप घेऊन एका छताखाली पुन्हा कधी सापडणार?

नऊ वर्षांपूर्वी मी इथे सहायक म्हणून लागले, तेव्हा मला वाटायचं की झाड पिवळं पडलं की आजारी आणि तपकिरी झालं की मेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं माझं निदान असायचं. मामांची पद्धत वेगळी. ते आधी झाडाभोवती एक फेरी मारायचे, काही न बोलता. मग विचारायचे, “पिवळं कुठे आहे? आत, की टोकाला?” सगळा आजार त्या एका प्रश्नात असतो, हे मला कळायला एक झाड जावं लागलं.

त्या झाडाबद्दल आजवर मी कुठे बोलले नाही. मामी, तुम्हालाही यांनी सांगितलं नसेल.

माझा पहिलाच शरद ऋतू होता. मामा आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर रजेवर गेले होते. धुलाईघरामागच्या पाइनच्या सुया आतून पिवळ्या पडून झडत होत्या, खाली नुसता सडा. मी घाबरले आणि रकान्यात ‘वाळलेले’ लिहून मोकळी झाले. खाली मामांचं पदनाम छापलेलं होतं. त्यावर मी माझी सही केली आणि पुढे लिहिलं, ‘करिता’. कार्यालयात आपण सगळेच लिहितो. साहेब जागेवर नसले की त्यांच्या पदावर आपली सही, पुढे ‘करिता’, आणि कागद पुढे सरकतो.

दोन दिवसांत झाड पडलं. बुंधा आतून पांढरा, ओला होता आणि कापलेल्या कडेला राळ डवरून आली होती. मेलेल्या झाडाला राळ येत नाही, हे तिथे उभ्या असलेल्या धुलाईघरातल्या मावशींनाही कळलं.

मामा रजेवरून आले. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “अगं, पाइन जुन्या सुया दर शरदात टाकतं. आतल्या टाकतं, टोकं हिरवी ठेवतं. माणसाचे केस पांढरे झाले म्हणून तू त्याला मेला लिहिशील का?” मी रडायला लागले, तर म्हणाले, “रडून झालं की फांदी खरवडून दाखव मला. सालीखाली हिरवं दिसतंय तोवर तो शब्द लिहायचा नाही, आणि नाही दिसलं तरी तीन ठिकाणी खरवडून बघायचं.”

चौकशी लागली. सही माझी होती, पण पद त्यांचं. ते एवढंच बोलू शकले असते की मी रजेवर होतो. बोलले नाहीत. चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाले, “तिनं ‘करिता’ लिहिलंय ना? मग माझ्याकरिताच लिहिलंय.” ठपका त्यांच्या सेवापुस्तिकेत बसला. पुढच्या वर्षी उद्यान अधिकाऱ्याची जागा निघाली, ती त्यामुळे त्यांना मिळाली नाही. ज्या पदावर तेव्हा होते, त्याच पदावरून आज निवृत्त होताहेत. मामा, मान हलवू नका, मी सांगणार आहे. नऊ वर्षं मी गप्प बसले, याची मला लाज वाटते.

ताई, पाण्याचा ग्लास जरा इकडे देता का? आभारी आहे.

तर आता या सव्वीस झाडांकडे येऊ. गेले तीन आठवडे मामा आणि मी एकेक झाड पाहत होतो. वॉर्डांकडे येताना उजव्या हाताची तेरा झाडं आतून पिवळी आहेत, टोकं हिरवीगार. त्यांना काहीही झालेलं नाही, शरद आहे म्हणून जुन्या सुया टाकताहेत. डाव्या हाताची गोष्ट वेगळी. तिथे अकरा झाडांचे शेंडे तपकिरी आणि आखूड राहिलेत, सुयांच्या बुडाशी आणि जुन्या शंकूंवर मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके आहेत. ही बुरशी आहे.

पण बुरशी डाव्याच बाजूला का? दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला, तेव्हा उकरलेली माती डाव्या बाजूच्या बुंध्यांभोवती ढोपरभर टाकली गेली. मुळं गुदमरली. त्यात हिरवळीचा फवारा रोज सकाळी खालच्या फांद्या भिजवतो. झाड अशक्त आणि अंग सदा ओलं, बुरशीला आणखी काय हवं? माती कोणी टाकली, हे मी विचारत नाही. अभियंता साहेब हसताहेत, हा त्यांचा मोठेपणा. पण माती आपली आणि शिक्षा झाडांना, म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. माती हातानं काढायची, यंत्रानं नाही, बुंधा जमिनीशी रुंद होतो तो भाग उघडा दिसेपर्यंत. फवाऱ्याचं तोंड फिरवायचं. वाळके शेंडे कोरड्या दिवसांत छाटायचे आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत स्पिरिटनं पुसायची. स्पिरिट परिचारिका ताई देणार आहेत, मी शब्द घेतलाय. पडलेले शंकू आणि सुया उचलून न्यायच्या. नवे कोंब फुटू लागले की तांब्याच्या औषधाची फवारणी करायची, पंधरा दिवसांनी पुन्हा. माळीकाम करणारे आमचे सगळे सहकारी तयार आहेत. उद्या रविवार असूनही सकाळी सातला फावडी घेऊन फाटकाशी जमतोय.

राहिली दोन झाडं. त्यांच्या बुडाशी भुसा पडलाय, सालीवर जुन्या सुकलेल्या राळेच्या गाठी आणि बारीक भोकं आहेत, शेंड्यापासून खालपर्यंत रंग गंजलेला. भुंगेऱ्यांनी ती संपवली. तीन ठिकाणी खरवडलं, कुठेही हिरवं नाही. त्यातलं एक मामांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः लावलेलं आहे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर म्हणाले, “माझं आहे म्हणून ठेवू नकोस. भुंगेरे शेजारच्यात जातील. लवकर काढ आणि लाकूड आवारात ठेवू नकोस.”  आणि पुढच्या झाडाकडे तेच आधी गेले.

अध्यक्ष महोदय, सोमवारच्या अर्जावर मी तेरा झाडांपुढे ‘निरोगी’ लिहीन, अकरा झाडांपुढे ‘आजारी, उपचार सुरू’ लिहीन आणि फक्त दोन झाडांपुढे ‘वाळलेले’. वरून कितीही फोन आले तरी त्यातला एकही शब्द बदलणार नाही. दुसरी एक विनंती आहे. मामांच्या सेवापुस्तिकेतला ठपका माझ्या पुस्तिकेत घ्यावा. तसा अर्ज मी आज दुपारी कार्यालयात दिलाय आणि पोच घेतलीय. निवृत्तीच्या दिवशी माणसाची पुस्तिका निदान खरी तरी असावी.

मामा-मामींना निरोगी आयुष्य लाभो, असं मी मनापासून म्हणते. इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि चहा थंड होऊ देणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलताना कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पदरात घ्या. लिहिण्यात मात्र मला सांभाळून घेऊ नका. सोमवारपासून त्या कागदावर माझं नाव असेल, माझं पद असेल आणि पुढे ‘करिता’ नसेल.