पाटीवरचा कार्पोफोरो

स्पेनमधल्या बुर्गोस शहराला जाणाऱ्या बसच्या रांगेत उभ्या निएवेसच्या पाठीमागे म्हातारी एउतिकिया तिच्या मैत्रिणीपाशी तणतणत होती.

"रानाच्या तोंडाशी पाटी लावलीय, दोमितिला! 'किडके कार्पोफोरो घरी नेऊ नयेत, जागच्या जागी राहू द्यावेत.' माझ्या नवऱ्याचं नाव असं पाटीवर टांगायचं?"

"अगं, ते अळंब्यांबद्दल आहे."

"मग अळंबी म्हणा की! बारमध्ये मेले विचारतात त्याला, 'किडक्या, तुला घरी कोण नेणार?' जन्मला त्या दिवशीच्या संताचं नाव ठेवलं, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्या गावात सगळ्यांचं तसंच. तुझं काय वेगळं?"

"शास्त्रातला शब्द आहे तो. झाड असो की अळंबी, जे फळ धरतं त्याला म्हणतात. माझा भाचा सांगत होता."

"काय धरतं?"

"फळ. कार्पोफोरो म्हणजे फळ देणारा."

बस आली, दार उघडलं. निएवेस मागे वळून न बघता पायरी चढली. एउतिकिया मात्र जागची हलली नाही.

"फळ देणारा म्हणे! तो फळ देणारा, आणि जन्मभर सारं गाव वांझोटी म्हणालं ते मला!"