तळहातावरचे माप

मोजपट्टीविना माप सांगणाऱ्या कारागिराची कथा आपल्याकडे सुताराची, शिंप्याची अशा अनेक रूपांत ऐकू येते. मी अशा लोककथा टिपून ठेवते; तिसगावचे रूप मात्र मी स्वतः अनुभवले. नातीच्या बारशासाठी मी प्रथमच क्रोशाची टोपी विणत होते. दोन टोप्या सैल झाल्यावर मी टेप काढली, तेव्हा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या हौसाबाईंनी अडवले.

“तान्ह्याचं माप घेत न्हाईत, बाई.”

“मग टोपी बसणार कशी?”

“रोज ह्याच हातात डोकं धरती मी.”

त्यांनी तिसऱ्या टोपीच्या माथ्याची माझी अर्धवट विणलेली चकती तळहातावर पसरली आणि डोळे मिटले.

“आजून दोन फेर वाढवा. मंग वाढवनं बंद, सरळ खाली उतरा.”

“आणि चुकलं तर?”

“तर हात तुमचा चुकला, माझा न्हाई.”

ज्ञानाचे हे स्थान, म्हणजे तळहात, माझ्या कोणत्याही टिपणात नव्हते.

बारशाला टोपी चढवली. ती कानांवर अलगद बसली, आणि नात झोपलेलीच राहिली.