घेतला वसा आणि उणिवांचा तास

...आणि वर म्हणतात, उणिवा काढा. बरं, काढल्या तर काढल्या असं नाही हो, काढल्याच पाहिजेत, गुण त्यालाच आहेत. दुसऱ्याचा निबंध समोर घ्यायचा, चष्मा लावायचा आणि त्यात काय काय वाईट आहे ते व्यवस्थित इंग्रजीत लिहून द्यायचं. आता मला सांगा, घेतला वसा असा मध्येच टाकता येतो का?

थांबा, मुळापासून सांगते. मुळापासून सांगायची माझी खोडच आहे, त्यावरूनही पुढे रामायण झालं, पण ते ओघानं येईल.

लेकीचं शिक्षण झालं, ती नोकरीला लागली, घर रिकामं झालं, आणि मला वाटलं, आता आपण शिकावं. मला लहान मुलांची शिक्षिका व्हायचंय. फार दिवसांचं आहे ते. शेजारची पोरं माझ्याकडे खेळायला येतात आणि जाताना अक्षरं शिकून जातात, तेव्हा म्हटलं, हेच रीतसर करू. विद्यापीठात गेले, प्रवेश मिळाला, पेढे... नाही, पेढे कुठले, गोड सोडलं होतं ना मी. तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "प्रवेश तात्पुरता आहे. शिकवणं सगळं इंग्रजीतून. पहिल्या सत्रात 'शैक्षणिक इंग्रजी आणि आंतरसांस्कृतिक संवाद' हा विषय सुटला तर पुढे. नाही सुटला तर जागा दुसऱ्याला." त्या विषयाचं नाव एका दमात म्हणता येत नाही, तो सुटायचा कसा?

घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, देवा, काहीतरी सोडते, पास कर. पण सोडायचं काय? गोड सोडलं होतं लेकीच्या परीक्षेसाठी, ती पास झाली तरी सवयच गेली. चहा सोडलाय नवऱ्याच्या बढतीसाठी. बढती अजून झालेली नाही, त्यामुळे चहा अजून बंद आहे. मग उरलं काय माझ्याकडे सोडण्यासारखं? विचार केला, केला, आणि म्हटलं, निकाल लागेपर्यंत कुणालाही नावं ठेवणार नाही. कुणाचं उणं काढणार नाही. सासूबाई मागेच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "अगं, झेपेल तेवढंच सोडावं माणसानं."

झेपलं, तुम्हाला सांगते. सोपं नव्हतं हं. आमच्या यजमानांची सवय अशी की अंघोळ झाली की ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा. दांडी समोर आहे, हाताच्या अंतरावर, पण टॉवेल खुर्चीवर. ही निंदा नाही, माहिती आहे. रोज तो टॉवेल बघायचा, शब्द जिभेच्या टोकापर्यंत आणायचे, गिळायचे, आणि टॉवेल उचलून दांडीवर टाकायचा. यजमान खूश. म्हणतात, "शिक्षणानं माणूस किती सुधारतो."

तर वर्ग. आमचे सर माझ्या लेकीपेक्षा थोडे मोठे असतील, इतकं हळू बोलतात की पहिल्या बाकावर बसूनसुद्धा कान पुढे करावे लागतात. ही निंदा नाही. वर्गात जगातली झाडून सगळी माणसं. माझ्या शेजारी एक उंच मुलगा. इतका उंच की दारातून येताना वाकतो आणि बसला तरी मागच्यांना फळा दिसत नाही. घरी वर्णन ऐकून यजमानांनी त्याचं नाव ठेवलं विजेचा खांब. मी नाही ठेवलं, मला बंदी. मी नुसतं म्हणते तेच.

हा खांब अशा मुलखातून आलाय, जिथं माणसं फक्त जे म्हणायचंय तेवढंच म्हणतात. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं सफरचंद कापलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हवं?" आता आपण काय म्हणणार? "नको, नको." आणि गप्प बसले, दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत. त्यानं खाल्लं की हो! सगळं. माझ्यादेखत. बिया तेवढ्या उरल्या. मी आपली हात मांडीवर ठेवून बसलेली, आता विचारेल, मग विचारेल... दुसऱ्या तासाला सर म्हणाले, "आपापल्या घरी आग्रहाला नकार कसा देतात ते जोडीदाराला सांगा." मी सांगितलं, आमच्यात पहिला नको म्हणजे लाज, दुसरा नको म्हणजे रीत, तिसऱ्याला हात पुढे. खांब डोळे विस्फारून ऐकत राहिला. म्हणाला, "मग खरंच नको असेल तर काय म्हणता?" मी म्हटलं, "तेव्हा पोट धरून दाखवतो." त्यानं लिहून घेतलं, बिचाऱ्यानं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आणि मग आला तो उणिवांचा तास. सरांनी निबंधांची अदलाबदल केली. माझा खांबाकडे, खांबाचा माझ्याकडे. "वाचा आणि परीक्षण लिहा. कुठं कमी पडलंय ते स्पष्ट दाखवा. या कामावरच विषय सुटणं न सुटणं ठरेल." म्हणजे बघा, पास व्हावं म्हणून नावं ठेवायची सोडली, आणि पास व्हायचं तर नावं ठेवली पाहिजेत! देव कसा कात्रीत पकडतो बघा. चहावर चहा सोडता आला असता तर बरं झालं असतं.

खांबाचा निबंध होता शहरातल्या बागांवर. वाचला. म्हणजे... काय सांगू. चूक एक नाही. पण बागेत एकही माणूस नाही, मूल नाही, बाकडं नाही, नुसतं बागेचे फायदे, बागेचे फायदे. हे लिहायचं कसं? घेतला वसा टाकता येतो का? नाही टाकता येत. मी लिहिलं, "निबंध अतिशय सुंदर आहे. बागा चांगल्याच असतात. लिहिणारा गुणी आहे. त्याच्या आईवडिलांचं कौतुक वाटतं. त्याचं कल्याण होवो."

सरांनी तास संपल्यावर थांबवलं. इतके हळू बोलले की मला वाटलं शाबासकी देतायत. "बाई," म्हणाले, "हे परीक्षण नाही. हा आशीर्वाद आहे." मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहून द्या. यावर मी गुण देऊ शकत नाही, आणि मग तुमची जागा..." पुढचं ऐकू आलं नाही. एरवीही येत नाही, पण त्या दिवशी ऐकायचंही नव्हतं.

घरी आले ती तोंड पाडून. यजमान म्हणाले, "लिहून टाक की काहीतरी वाईटसाईट. इंग्रजीतच तर लिहायचंय, देवाला काय कळतंय?" आता देवाला इंग्रजी येत नाही असं मानायचं म्हणजे जगातल्या निम्म्या लोकांच्या प्रार्थना वायाच की. मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका." आणि लगेच कान पकडले, हे उणं काढलं का मी? दिवा लावून बसले. देवा, वसा बदलून देतोस का, म्हणून विचारणार होते. पण दुकानातून आणलेली साडी आहे का ती, बदलून घ्यायला? घेतला तो घेतला.

दुसऱ्या दिवशी दुधी चिरून फोडणीला टाकला तो तशाच विचारात. सासूबाई ओट्याशी आल्या, चमच्यानं रस घेतला, तोंडात टाकला, आणि म्हणाल्या, "छान झालीय हो. मऊ शिजलीय. मला आपलं वाटतं, चुकतही असेल माझं, जीभ आता म्हातारी झाली, पण हिच्यात मीठ असतं तर कशी लागली असती, हा आपला एक विचार."

माझा हात मिठाच्या डब्याकडे गेला. अहो, हेच तर सर फळ्यावर लिहीत होते. आधी चांगलं ते सांगा. मग छातीठोक बोलू नका, 'असावं', 'वाटतं', 'कदाचित' म्हणा. मग प्रश्न विचारून सोडून द्या, पुढचं पुढच्याला कळतं. मी दोन महिने वहीत उतरवून घेतलं ते, आणि इथं लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा कानावर पडतंय. मीठ विसरले हे त्या म्हणाल्या का? नाही. मला कळलं का? पुरतं कळलं.

पण वशाचं काय? मी सरळ विचारलं, "आई, खरं सांगा, तुम्ही माझं उणं काढता का हो?"

"मी?" सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "इतक्या वर्षांत तुला कधी उणा शब्द बोललेय? आठवून सांग."

आठवलं. खरंच एकही वाक्य सापडेना. मला वाटलं तर पुष्कळदा होतं, पण त्या बोललेलं एकही नाही.

"मग आत्ता बोललात ते?"

"ते भाजीबद्दल," म्हणाल्या. "तुझ्याबद्दल काय त्यात? तुला नावं ठेवायची असती तर मी अळणी भाजी न बोलता खाल्ली असती आणि बाहेर जाऊन सांगितलं असतं."

माणसाला नावं ठेवायची नाहीत हा माझा वसा. भाजीचा वसा कुठं घेतलाय मी? आणि निबंध म्हणजे भाजीच की. बिचाऱ्या खांबानं शिजवलेली.

गॅस बंद केला, निबंध आणला, सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. शेवटी म्हणाल्या, "मुलगा नीटनेटका दिसतो. एकेक ओळ घासूनपुसून ठेवलीय. आता बघ, मला काही बागांमधलं कळत नाही, पण इतकी मोठी बाग आणि संध्याकाळी तिथं कुणीच कसं येत नाही? पोरं आजारी आहेत का सगळी?" जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं मी. कदाचित, बहुधा, माझी समजूत अपुरीही असेल, पण वाचकाला या बागेत एखादं मूल भेटलं असतं तर तो आणखी थोडा वेळ थांबला असता का, असं मनात येतं.

सरांनी ते वर्गापुढे वाचलं. त्या दिवशी प्रत्येक शब्द ऐकू आला. माझं लक्ष मात्र शेजारी. खांब ताठ बसलेला, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. म्हटलं, दुखावला. गुण मिळाले तर मिळाले, पण वसा मोडला. सरांचं वाचून संपलं आणि तो माझ्याकडे वळला. "बरोबर आहे," म्हणाला. "माझ्या बागेत कुणी नाही. उद्या लहान बहिणीला निबंधात आणतो." आणि मग माझा निबंध पुढे सरकवला. त्यावर त्याचं परीक्षण, एवढंच. 'तुमचा मुद्दा शेवटच्या पानावर आहे. तो पहिल्या पानावर आणा. बाकी गोष्ट चांगली.' बघा, मुळापासून सांगायची खोड म्हटलं ना मी. मी निबंध आटपाट नगरापासून सुरू केला होता. आणि गंमत म्हणजे मला काही लागलं नाही. माझी पण भाजीच होती.

मधल्या सुट्टीत त्यानं सफरचंद कापलं. "हवं?" मी म्हटलं, "नको, नको." तो थांबला. "हवं?" मी म्हटलं, "नको रे." त्यानं पोट धरून बघितलं, म्हणजे माझं नाही, स्वतःचं, आणि भुवई वर केली. मी 'तसं नाही' म्हणून मान हलवली. "हवं?" तिसऱ्यांदा. मी हात पुढे केला. इतकं गोड सफरचंद मी कधी खाल्लं नव्हतं, गोड सोडायच्या आधीसुद्धा.

निकाल लागला. सुटला विषय! जागा पक्की. दिवा लावला, हात जोडले, वसा पुरा झाला. आणि मनाशी म्हटलं, आता मोकळी. सत्रभर गिळून ठेवलेलं आहे सगळं पोटात, आज बाहेर काढते. आले तशीच बाहेर, पदर खोचून. खुर्चीवर टॉवेल. ओला. यजमान समोर पेपर वाचतायत. मी मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि...

"टॉवेल छान पिळलाय हो," मी म्हणाले. "मला आपलं वाटतं, चुकतही असेल माझं, पण तो दांडीवर असता तर कसा वाळला असता, हा आपला एक विचार."

यजमानांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. उठले आणि टॉवेल दांडीवर टाकून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, हिला काय झालं?" जाता जाता पुटपुटले.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "पास झाली."

आता काय बोलणार? गेले होते इंग्रजी शिकायला, परत आले ती सासू होऊन. चहा मात्र अजून बंदच आहे.