भाडं वाढवा माझं

नाही ना बसत विश्वास? नाहीच बसणार! अख्ख्या कॉलनीचा बसला नाही, तुमचा कुठून बसायचा... पण तुम्हाला सांगते, घरभाडं कमी झालं म्हणून रडणारी बाई या लखनौत एकच आहे, आणि ती तुमच्यापुढे उभी आहे.

आमची कॉलनी समाजाच्या ट्रस्टची. बाहेर मालक तोंडाला येईल ते भाडं सांगतो, तसं इथं नाही. घरात कमाई किती आणि घराची अवस्था कशी, हे बघून भाडं ठरतं, अन् दरवर्षी कमिटी येऊन पुन्हा बघते. कमिटी यायची म्हटलं की काय सांगू... टीव्ही पलंगाखाली, बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या फाटक्या साड्या! समोरची नीलम तर आदल्या दिवसापासूनच खोकायला लागते.

मी चौथी शिकलेली बाई, पण माझी पूर्वा चिनहटच्या कारखान्यात सुपरवायझर झाली हो, बाप्ये माणसं तिच्या हाताखाली! मग भाडं वाढायला नको? नळावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, यंदा कॉलनीत सगळ्यात जास्त भाडं आमचं. नीलम म्हणते, "भाभी, पगला गई हो क्या?" बघा, विश्वासच नाही. घरी पूर्वा म्हणते, "मम्मी, रहने दो ना." रहने दो कसं? इतकी वर्षं समाजानं सवलत दिली, आता ती दुसऱ्या गरजू घराला जाऊ दे. आणि पोर कमावती झाली हे लोकांना कळायचं कसं?

घर रंगवलं. मोरीकडच्या भिंतीला ओल होती, तिच्यापुढे कपाट सरकवलं. कमिटीचे मधुसूदनराव आले तशी म्हटलं, "भाऊ, पोरगी कमावते, भाडं वाढवा माझं." त्यांचा तरी विश्वास बसावा? चष्मा पुसत म्हणतात, "बाई, मोठी खोली हवीय का तुम्हाला?" खोली नको, भाडंच हवंय, असं घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं तेव्हा कुठे लिहायला लागले. माझी छाती ही अशी... आणि जाता जाता विचारतात, घराची काही तक्रार?

आता आमचे हे म्हणजे उभ्या जन्मात तक्रार न केलेला माणूस. भाजी खारट झाली तर वर पाणी पितील, बोलणार नाहीत. साहेबापुढे कधी ब्र काढला नाही. तो माणूस उठला, कपाट बाजूला केलं अन् म्हणाला, "ही ओल बघा साहेब, पार पलंगापर्यंत येते."

झालं! पगारापायी भाडं जेवढं चढलं, त्याच्या दुप्पट भिंतीपायी उतरलं. दुरुस्ती होईपर्यंत कॉलनीत सगळ्यात कमी भाडं आमचं! मधुसूदनरावांकडे जाऊन भांडले, ओल माझी आहे, मी सोसते, तुम्ही भाडं चढवा. तर म्हणे तसा नियम नाही. आणि नळावर नीलम खोकणं सोडून हसते, "बिटिया की नौकरी लगी और किराया घट गया? अच्छा..." म्हणजे नोकरीच खोटी? माझ्या पोरीची? मी सांगते नोकरी खरी, पगार खरा, पण विश्वास कोण ठेवणार...

शेवटी तिनं विचारलं, मग भाडं घटवलं कुणी?

तुम्हाला सांगते, लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलं नाही मी, रेशनच्या दुकानातसुद्धा पोरीला पुढे करायची. पण पोरीच्या इज्जतीचा सवाल आला, तेव्हा भर नळावर, सगळ्या बायकांसमोर, खणखणीत घेतलं.

शामराव.