चार हजार फायलींतला एक आवाज

सोलापूर स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मायलेकी अक्कलकोटच्या एसटीची वाट बघत होत्या. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"काय हुडकतीयास गं, दानेश्वरी?"

"अप्पांचा आवाज, अव्वा. मी बनवतेय त्या गेममधला गाडीवान त्याच आवाजात बैलांना हाकतो. प्रोजेक्टात चार हजार फायली आहेत, म्हणून शोधून देणारा छोटा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट लिहिलीय."

"मग गावला का?"

"नाही ना. फोनमधलाही पुसला गेलाय. अप्पा गेल्यावर तेवढाच उरला होता."

"त्या स्क्रिप्टला काय सांगून धाडलंयस?"

"शिवलिंगप्पा नावाची फाईल आण म्हणून."

"मग कशी गावंल? फायलीला नाव घालायला तू मलाच बसवलंतंस की."

"हो, मग घातलं नाहीस?"

"मी त्यांचं नाव कधी घेतलंय का?"

"अव्वा, नुसतं लिहायचं होतं."

"लिहिलं तरी घेतल्यागतच की."

"मग काय लिहिलंस?"

"आमचे हे."

लेकीने तेवढंच टाइप केलं. "सापडली. एकच आहे."

"लाव की."

"एसटी लागली, अव्वा. ऊठ."

"जाऊ दे तिला. मागनं दुसरी येतीया. तू लाव."