ताजं की बर्फातलं

मला विचारवंत वगैरे म्हणू नका. का, ते सांगतो.

बोळिंजला आमच्या सोसायटीत वाचनालय सुरू झालं, तेव्हा भाषणाला मलाच उभं केलं. गेटवरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'ज्येष्ठ विचारवंत'. त्या फळ्याखालीच अर्नाळ्याची हिराबाई मासे विकायला बसते.

"भाऊ, विचारवंत म्हंजे कोन?" तिने विचारलं.

मी जरा छाती काढूनच सांगितलं, "समोर येईल ते जो डोळे झाकून घेत नाही, आधी प्रश्न विचारतो, तो."

"मंग बरोबर लिवलंय. रोज येऊन विचारता, ताजं का बर्फातलं. घेतात मातर वयनी."

वर म्हणाली, "मी पन येते ऐकायला."

आणि संध्याकाळी खरंच आली. रिकामी पाटी पायाशी ठेवून शेवटच्या खुर्चीत बसली. मी पाऊण तास बोललो. सेक्रेटरींनी विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" एकही हात वर नाही. मग हिराबाई उठली.

"भाऊ, हे ताजं का बर्फातलं?"

हेच भाषण मी दोन वर्षांपूर्वी वसईत शब्दन् शब्द केलं होतं, पण ते इथे कोणाला माहीत असणार? मी घसा खाकरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या हिचा आवाज आला.

"बर्फातलं गं, हिराबाई. वसईला उरलेलं."