धोंडिबांचं 'व्हय'

हा किस्सा आमच्या हिला पाठ होता. मी चुकलो की ती दुरुस्त करायची. आता चुकलो तर चालवून घ्या.

पंचावन्न-छपन्न साल असेल. पिंपरीच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. प्रयोगशाळेतलं एक भिंग हरवलं आणि संशय रहाटणीच्या धोंडिबा शिपायांवर आला. नोकरी जायची वेळ. खोटं पकडायचं यंत्र घेऊन मुंबईहून एक साहेब आला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषा मी. यंत्रातून सरकणाऱ्या कागदावर तो पेन्सिलीने खुणा करायचा: 'हो'ला अधिक, 'नाही'ला उणे, खोकल्याला सी.

धोंडिबा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना तोंडावर चोरीचं कसं विचारणार? मी म्हणालो, "धोंडिबा, भिंग तुम्ही घेतलं नाही ना?"

"व्हय."

मी 'यस' म्हणालो. साहेबाने अधिक काढलं. मॅनेजर खुर्चीतून उठले.

मी घाईघाईने घोळ समजावला. साहेब म्हणाला, "सरळ विचारा."

"भिंग तुम्ही घेतलं?"

धोंडिबा खोकले. साहेबाने सी काढला.

"भाऊसाहेब, तुमीबी असं इचारता? 'इचारायला नको हुतं' याची खूण हाय का ह्या सायबाकडं?"

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. साहेबाने खुणांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "नो," तो म्हणाला, आणि हाताच्या सवयीने उणे काढलं.

मॅनेजरांनी कागद पाहिला. शेवटी उणे होतं. त्यांनी धोंडिबांना कामावर जायला सांगितलं, आणि खोकल्याचं औषध घ्यायला.